रुंजीच्या आईचा ओटा

डोंगराच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळ्या संपतात तिथे एक इवलंसं घर होतं. घर कसलं, खोपटंच ते. तिथे रुंजी आणि तिची आई राहायची. आईच्या हाताला अशी चव की तिच्या आमटीच्या वासाने वाटसरू आपोआप दाराशी थांबायचे. पण चुलीच्या धुराने तिचे डोळे हळूहळू अधू होत गेले, आणि आता तिला काहीच दिसत नव्हतं. त्यात चूल एका कोपऱ्यात, माठ दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मिठाचं मडकं भलतीकडेच.

एके दिवशी आई उकळत्या आमटीचं पातेलं घेऊन वळली आणि माठाला अडखळली. आमटी हातावर सांडली. "काही नाही गं, जरासंच भाजलं," ती म्हणाली, पण हात तिने पदराखाली लपवला. रुंजीने तो हळूच ओढून पाहिला. आज हात भाजला, उद्या पदर पेटला तर?

कोरफड आणायला ती परसात धावली. वेलावर भोपळ्याचं पिवळंधमक फूल मिटत चाललं होतं, आणि आतून कुणीतरी मुसमुसत होतं. रुंजीने अलगद फूल उघडलं. आत एक चिमुकली सोनेरी परी बसली होती, पंख परागांनी माखलेले, नाकाचा शेंडा लालेलाल.

"गुदमरले होते गं बाई," परी म्हणाली. "ही फुलं दुपारी मिटतात हे मी दरवेळी विसरते. माग, काय हवं ते माग."

"आईला भाजणार नाही असं स्वयंपाकघर हवं," रुंजी म्हणाली.

परीने तिच्या ओंजळीत चमचमती रांगोळी ओतली. "परसाकडच्या पडवीत तू आखशील तसं स्वयंपाकघर होईल. बांधणारा तूच निवड. पण नियम नीट ऐक. नव्या घरात मुद्दाम दूध उतू घालवतात ना, तसं सूर्य बुडायच्या आत नव्या चुलीवर उतू गेलं पाहिजे. दूध आईनेच तापवायचं. हा नियम तिला सांगायचा नाही, आणि दूध चुलीवर चढलं की तू एक शब्द बोलायचा नाही, कशाला बोट लावायचं नाही. उतू नाही गेलं तर सगळं पुसलं जाईल, आणि मला पुन्हा येता येणार नाही."

रुंजीने आधी आईच्या हाताला कोरफड लावली. ही बातमी रानात पसरायला कितीसा वेळ लागणार? पहिल्यांदा आला मोर, पिसारा फुलवून, ऐटीत. "राजवाड्याला शोभेल असं बांधतो," तो म्हणाला. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ लांब ओटा आख. वर छतापर्यंत फळ्या. बाकी माझ्यावर सोड."

रुंजीने लांब रेघ ओढली. मोराने पिसारा झटकला, आणि निळा-हिरवा, चमचमणारा ओटा क्षणात उभा राहिला. रुंजी बघतच राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने डोळे गच्च मिटले, रिकामं पातेलं उचललं आणि ओट्याच्या एका टोकाच्या माठापासून दुसऱ्या टोकाच्या चुलीकडे चालू लागली. चूल काही येईना. हात चाचपडत राहिला, तोल गेला, कपाळ फळीवर आपटलं.

"मोरदादा, माझ्या आईला हे रंग दिसणार नाहीत," ती हळूच म्हणाली.

मोराचा पिसारा मिटला. मान खाली गेली. पिसं सावरण्याच्या नादात बिचाऱ्याने सकाळपासून दाणाही टिपला नव्हता. रुंजीला फार वाईट वाटलं. "रागावू नका हं. संध्याकाळी जेवायला या. आई कुणालाही उपाशी पाठवत नाही."

रुंजीने रांगोळी पुसली. ओटा विरून गेला. ऊन कलू लागलं.

मग गुणगुणत आली कुंभारीण माशी, तोंडात चिखलाची गोळी. "स्वयंपाक कोण करतं?" तिने विचारलं. "आई? मग तिला बोलव. आधी तिचं माप घेते." तिने आईच्या कोपराची उंची पाहिली, हात कुठवर पोचतो ते पाहिलं. "काटकोनात आख. मधे चूल, एका हाताशी पाणी, दुसऱ्या हाताशी मीठ-मसाला. कडेला उंच काठ ठेवू, म्हणजे बोटांना कळेल. चिखल मात्र तू आणायचास, माझं तोंड केवढंसं."

रुंजी ओढ्याकडे धावली. ओंजळ भरून आणली, पुन्हा धावली. माशी घाई म्हणून करेना. सूर्य डोंगरावर टेकला. मोराला हाक मारली तर क्षणात होईल, असं रुंजीच्या मनात येत होतं. पण कपाळावरचं टेंगूळ ठसठसलं आणि ती पुन्हा ओढ्याकडे पळाली.

शेवटची गोळी बसली तेव्हा सूर्याची नुसती लाल कोर उरली होती. आई नव्या ओट्यापाशी उभी राहिली. हात लांबवला, तर पाणी. दुसरा लांबवला, तर मीठ. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. नव्या चुलीची रीत म्हणून तिने घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध चुलीवर ठेवलं.

दूध सळसळलं. साय फुगून वर आली. आईने कान टवकारले आणि चटकन सांडशी उचलली.

"रीत राहू दे," ती पुटपुटली. "एवढंसं तर दूध. माझ्या लेकीच्या पोटात जाऊ दे."

रुंजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडावंसं वाटलं, तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सांडशी पातेल्याच्या काठाला लागली.

"माई," दारातून पडेल आवाज आला. "जेवायला बोलावलं होतं. मिळेल का काही?"

दारात मोर उभा होता.

"अगो बाई, ये ना," आई म्हणाली. उपाशी माणूस दारात असताना ती चुलीपाशी कशी थांबेल? सांडशी ठेवून ती भाकरी काढायला वळली. आणि मागे फस्सकन दूध उतू गेलं.

पांढरे ओघळ ओट्याच्या काठाशी थांबले, सूर्य बुडाला, आणि त्याच क्षणी परसात सोनेरी उजेड फाकला. भोपळ्याचं पान न् पान झगमगलं. त्या झगमगाटात परीने रुंजीच्या टेंगळाचा पापा घेतला आणि ती उजेडातच विरघळून गेली.

आईच्या हातात भाकरी तशीच राहिली. तिने चेहरा दाराकडे वळवला.

"रुंजे," ती म्हणाली, "आत्ता उजेड झाला का गं?"