ओ देणारे अंबाडे

घाटाच्या पायथ्याला आंबाडखोलमध्ये शिरताना वाटेच्या दोन्ही अंगांना अंबाड्याची झाडं लागतात. माघात गेलात तर एकावरही पान नसतं. पाहुणा हमखास म्हणतो, "झाडं मेली वाटतं." मग देवळाच्या पायरीवरचे दाजी गुरव मिशीत हसतात. "आमच्या वाडवडलांनाबी असंच वाटलं व्हतं. बसा, सांगतो."

फार पूर्वी म्हणे गावात अंबाडा नव्हताच. बैलांवर मीठ लादून घाट चढणारा सुभाना रानातून एक हिरवी काठी तोडून घेऊन आला. पुढच्या खेपेला निघताना ती हाताला जड लागली, म्हणून अंगणात खोचली आणि बायकोला, भागीला म्हणाला, "ही जिती हाय तवर मी हाय, समज." थट्टाच ती. एरवी घरी परतला की तो उंबऱ्याबाहेरून हाक द्यायचा, "हायस का गो?" आणि भागी चुलीपासून ओ द्यायची, "हाय." तेवढ्यावर दोघांचा संसार सुखाचा होता.

पाऊस लागला तरी सुभाना आला नाही. काठीला मात्र पालवी फुटली. भागी रोज एक पान चुरगळून हुंगायची. कैरीचा वास यायचा आणि त्या वासावर तिचा दिवस निघायचा. पण पौषात पानं पिवळी पडून गळाली, नुसता सोट उरला. हे झाड दरसाल असं उघडं होतं, हे गावाला ठाऊक कुठलं? जाणती माणसं जमली. सुभाना गेला म्हणाली. काठी तोडून त्याच्या नावानं जाळू, भागीनं बांगड्या फोडाव्यात.

कुऱ्हाड आली तशी भागी सोटाला बिलगली. तिनं नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं, वास कैरीचाच.

"हायस का?" तिनं विचारलं, आणि झाडाच्या वतीनं आपणच म्हणाली, "हाय." मग गावाकडे वळली. "ज्या दिशी आतनं सुकं निघंल, त्या दिशी बांगड्या फोडीन."

असे सात हिवाळे गेले, असं सांगतात. भागी भोळी होती, खुळी नव्हती. एका झाडावर भरवसा कसला? दरसाल ती एकदोन फांद्या वाटेकडेला रोवायची आणि पौष आला की प्रत्येकीला नख लावून तेच विचारायची.

सातव्या माघात, भर दुपारी, एक वाळका माणूस घाट उतरून आला. ना बैल, ना दात. नाव सुभाना सांगितलं, तर लोकांनी त्याला तोतया ठरवलं. तो काही भांडला नाही. उघड्या झाडांमधून झोपेत चालल्यासारखा अंगणात गेला. आपण खोचलेली काठी आढ्याएवढी झालेली पाहून त्याचे डोळे भरले. त्यानं साल खरवडली, हुंगली आणि लोटलेल्या दाराकडे बघत पुटपुटला, "हायस का गो?"

आतून आवाज आला, "हाय."

लोकांनी माना खाली घातल्या.

आजही आंबाडखोलमध्ये वाळकं झाड तोडण्याआधी नख लावून, हुंगून विचारतात, "हायस का?" आत हिरवं असेल तर जवळच्यानं ओ द्यायची. सुकं निघालं तर कुणी बोलत नाही, आणि मगच कुऱ्हाड उचलायची.

गोष्ट संपली की दाजी पाहुण्याला पहिल्या झाडापाशी नेतात. पाहुणा लाजत साल खरवडतो, हळूच विचारतो. आणि शेजारच्या घरातून, चुलीपुढची कुणीतरी बाई हातातलं काम न सोडता म्हणते, "हाय."