कुंकू लावलेला फिल्टर

“मग आता पंप कित्याक खोलतस?”

पुंडलिक मेस्त्रीने विचारलं, आणि इंजिनावर वाकलेल्या दर्शनाचा हात पान्ह्यासकट थांबला. म्हातारा ट्रॉलरच्या इंजिनघरात केव्हा उतरला आणि उलट्या बादलीवर केव्हा येऊन बसला, तिला कळलंच नव्हतं.

“इंजिन सुरू होता आणि मरता,” ती म्हणाली. “डिझेलच्या लायनीत हवा येता. मी हवा काढतंय, परत सुरू होता, परत मरता.”

“मगे?”

“मगे पंप गेलो असतलो.”

“सर्व्हिसिंग करूच्या आधी चलत होता?”

“...बरा चलत होता.”

मेस्त्रीने नुसतं ‘हं’ केलं. त्याच्या या ‘हं’ची दर्शनाला भारी चीड होती. त्यापेक्षा शिव्या परवडल्या. कैक वर्षं त्याच्या हाताखाली काढली होती तिने, आणि अजून तो तिला एक गोष्ट सरळ सांगत नव्हता.

वर धक्क्यावर ट्रॉलरचे मालक केळुसकर येरझारा घालत होते. पावसाळी बंदी उठली होती आणि बाकीचे ट्रॉलर केव्हाच समुद्रात गेले होते. पोरीच्या हातात इंजिन दिलं म्हणून केळुसकरांना चार लोकांनी आधीच ऐकवलं होतं. भरती आहे तोवर इंजिन चाललं नाही, तर पलीकडच्या बंदरातला मेस्त्री बोलावणार आणि वर्षभराचं काम त्यालाच देणार, हे त्यांनी दर्शनाला तोंडावर सांगितलं होतं. तिने एकटीने घेतलेलं हे पहिलं काम. हे गेलं, की या धक्क्यावर साधा नट आवळायलासुद्धा तिला कोणी बोलावणार नव्हतं.

“तू हात कशाकशाक लावललंस?” मेस्त्रीने विचारलं.

“दिसता नाय काय तुमका?”

दिसत होतं. या बंदरात सर्व्हिसिंग झालं की ते करणारा मेस्त्री स्वतः इंजिनाची पूजा करतो, आणि जिथे जिथे आपला हात लागला तिथे कुंकवाचं बोट लावतो. एकदा बोट लागलं, की ट्रॉलर पहिली मासळी घेऊन परत येईपर्यंत तिथे पान्हा लावायचा नाही. दर्शनाने काल अगदी मन लावून पूजा केली होती. तेलाच्या झाकणावर कुंकू, पट्ट्याच्या बोल्टावर कुंकू, डिझेलच्या फिल्टरवर कुंकू.

आणि आज सकाळपासून तिने टाकी तपासली होती, नळ्या तपासल्या होत्या, नोझल काढून, पुसून परत बसवले होते. कुंकू नसलेलं सगळं इंजिन तिने पालथं घातलं होतं.

मेस्त्रीने फिल्टरकडे बोट केलं.

“तो उघड.”

“मी उघडूचंय नाय.”

“कित्याक?”

“त्येची पूजा झाली.”

“...आणि?”

“आणि तो मी बसवलंय. गच्च बसलोहा. बघा तुमी, भायर एक थेंब गळणा नाय.”

“भायर काय येणा नाय,” मेस्त्री म्हणाला. “आत काय जाता?”

दर्शनाच्या डोक्यात तिडीक गेली.

“तुमी पण त्येंच्यातलेच. बाईमाणसान केल्यान म्हणजे थयच चूक असतली, असा ना?”

म्हाताऱ्याने खांद्यावरचं फडकं काढलं, डिझेलमध्ये बुडवलं, आणि स्वयंपाकाचा ओटा पुसावा तसं फिल्टरवरचं कुंकू पुसून टाकलं.

खरं सांगायचं तर देवाच्या कोपाची तिला काही फार भीती नव्हती. भीती होती ती फिल्टरमधून काय निघेल याची, आणि कुंकवाचा आडोसा तिला सकाळपासून चांगलाच सोयीचा झाला होता. आता तो गेला.

“वर माणसां आसत,” ती हळूच म्हणाली. “झाकण ओढून घेतंय.”

“घे.”

इंजिनघराचं झाकण ओढायला तिने हात वर केला. वरून केळुसकर आणि दोन खलाशी वाकून बघत होते. त्यातला एक हसत होता.

दर्शना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने झाकण ओढलं नाही, ढकलून सताड उघडं केलं.

“बघूक होया ना तुमका?” ती म्हणाली. “बघा तर. नीट बघा.”

तिने पान्हा लावला. फिल्टरची वाटी खाली आली. वरच्या खाचेत जुनी रबरी रिंग चिकटून बसली होती, काळी पडलेली, चपटी झालेली. ती न काढताच तिने खालून नवी रिंग बसवली होती. वाटी आवळताना गच्च लागली, पण दोन रिंगांच्या फटीतून इंजिन डिझेलबरोबर हवाही ओढत राहिलं होतं.

तिने नखाने जुनी रिंग उचकटली आणि हात उंच करून वर दाखवली.

“माझी चूक. जुनी काढूक इसारलंय.”

खलाशाचं हसू तोंडातच राहिलं. कबूल केल्यावर माणूस हसणार तरी कशाला?

एकच रिंग ठेवून तिने वाटी आवळली, हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, आणि इंजिन सुरू केलं. ते धडधडायला लागलं. सगळे कान देऊन उभे राहिले, ती पण. धडधड काही थांबेना.

केळुसकर शिडीवरून खाली उतरले. त्यांनी दर्शनाकडे न बघता मेस्त्रीकडे बघितलं.

“चलाक लागला ता बरा झाला,” ते म्हणाले. “पण मेस्त्रीनू, वाईट वाटून घेव नकात. वर्साचा काम मी त्या पलीकडच्या मेस्त्रीकच देतंय. त्येची चूक आजपर्यंत कोणाक गावली नाय.”

दर्शनाने मान खाली घातली नाही. तिच्या मुठीत ती काळी रिंग अजून तशीच होती.

पुंडलिक मेस्त्री बादलीवरून उठला.

“म्हणजे त्येची चूक अजून इंजिनातच आसा.”