जपून म्हणजे काय?

एका गावात गोंदाजी नावाचा कुंभार राहत होता. त्याच्या अंगणात दिवसभर कच्ची मडकी वाळत असायची, आणि त्यांच्यामधूनच त्याची लहानगी शेवंता बागडायची. त्यामुळे घरात एक शब्द सतत ऐकू येई. ती मडक्याकडे वळली, की गोंदाजी चाकावरूनच ओरडे, "जपून!" चुलीजवळ गेली, की आई ओरडे, "जपून!" शेवंता दचकून हात मागे घेई. हळूहळू तिने कशालाच हात लावणं सोडलं.

"किती शहाणी पोर!" शेजारणी म्हणत. गोंदाजीलाही तसंच वाटे.

एके दिवशी तिचा धाकटा भाऊ रांगत रांगत माती भिजवायच्या हौदाकडे निघाला. शेवंता त्याच्या अगदी जवळ होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि जिवाच्या आकांताने ती ओरडू लागली, "जपून! जपून!"

बाळाचा हात काठावरून घसरला. तेवढ्यात गोंदाजी चाक सोडून धावला आणि त्याने बाळाला पाय धरून मागे ओढलं.

"अगं, धरायचं नाही का त्याला?" तो संतापून म्हणाला.

शेवंता रडू लागली. "जपून म्हणजे हात नाही लावायचा ना, बाबा?"

गोंदाजीची बायको सगुणा धावत आली होती. बाळाला पोटाशी धरून ती म्हणाली, "अहो, आपण नुसता शब्द दिला. अर्थ बिचारीने तिचा तिनेच लावला."

दुसऱ्या दिवशी गोंदाजीने शेवंताच्या हातात एक कच्चं बोळकं ठेवलं. ती हात काढून घेऊ लागली, तसे त्याने आपले मातीने माखलेले हात तिच्या हातांखाली धरले.

"दोन्ही हातांनी धर. आवळू नको. आता खाली बघत हळू चाल. याला म्हणतात जपून."

थोडी पुढे गेली आणि बोळकं पडून फुटलं. शेवंता घाबरून बापाकडे बघू लागली. गोंदाजीने ओठांवर आलेला शब्द गिळला आणि दुसरं बोळकं पुढे केलं.

"हं, पुन्हा."

तेही फुटलं. तिसरं मात्र फळीवर अलगद जाऊन बसलं.

संध्याकाळी शेवंता आईसमोर मांडी घालून बसली आणि तिने हात पसरले. "आता बाळ दे."

सगुणाने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. शेवंताने एक हात त्याच्या पाठीशी धरला, एक पोटाशी.

"बघ आई," ती हळूच म्हणाली, "जपून!"

तात्पर्य: ओरडून सांगितलेल्या शब्दाने मूल फक्त भितं, हातात हात घेऊन करून दाखवलं, तरच त्याला शब्दाचा अर्थ कळतो.