बागेतला बोअर आणि गावची विहीर

एकदा एका काळ्या पाषाणाच्या मुलखात, भूजलाच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या शिष्याला घेऊन एका गावी निघाले. होळी सरली होती. गावाच्या पिण्याच्या विहिरीचा तळ दिसू लागला होता. ती आटली तर घागर घेऊन टेकडी ओलांडावी लागणार होती. दोष कुणाचा, यावर गावाचे एकमत होते: पावसाचा.

शिष्य थकला होता. वर्षभर तो या गावात खेपा घालत होता. त्याने विहिरीत पातळी नोंदवणारे यंत्र सोडले, खडकाचे नमुने तपासले, संगणकावर जमिनीखालच्या थरांचा नकाशा उभा केला. ओढ्यापलीकडच्या डाळिंबाच्या बागेतला खोल बोअर आणि गावची विहीर एकाच भेगाळ थरातले पाणी पितात, हे त्याला स्वच्छ दिसत होते. पण ग्रामसभेत त्याचा आलेख पाहून एक म्हातारा म्हणाला होता, "हे तर माझ्या छातीच्या पट्टीसारखं दिसतंय. डाक्टरनं ती बघून गोळ्या तरी दिल्या. तू काय देतोस, लेकरा?"

सभा हसली आणि उठली. बागेचे मालक मात्र समजुतीच्या सुरात म्हणाले होते, "अहो साहेब, विहिरीचं पाणी वरचं, बोअरचं पाताळातलं. शेजाऱ्याला ताप आला म्हणून काढा मी प्यायचा काय?"

"मला आता तिथे यायचं नाही, गुरुजी," वाटेत शिष्य म्हणाला. "संशोधन पूर्ण झालं. अहवाल देऊ आणि मोकळे होऊ."

गुरुजी पुढे चालत राहिले.

गावात पोचताच त्यांनी केले ते अजबच. बायकांनी पहाटेच पाणी भरून घेतले होते. बागेचा बोअर सोडून बाकी सगळ्यांचे पंप गुरुजींनी दिवसभरासाठी बंद ठेवायला लावले, आणि बागमालकांना म्हणाले, "तुमचा तेवढा पूर्ण दाबाने चालू द्या. बाग हवी तेवढी भिजवा."

"हे बरं बोललात!" मालक खूश झाले.

"पाणी वाचवायला आलेत का संपवायला?" एक बाई फणकारली. शिष्यालाही तेच विचारायचे होते. त्याने संगणक उघडला, तर गुरुजींनी तो हलकेच मिटला. "यंत्र नोंदवू दे. तू आज नुसता बस."

मग त्यांनी सगळ्यांना, मालकांनाही, गावच्या विहिरीवर बसवले. ग्रामसभेतल्या त्या म्हाताऱ्याच्या तंबाखूच्या पिशवीतला चुना मागून घेतला आणि त्या फणकारलेल्या बाईला म्हणाले, "मावशी, पाणी जिथं टेकलंय तिथं पायरीवर रेघ ओढा."

तिने ओढली. लोक बसले. लग्नांच्या गोष्टी झाल्या, उन्हाच्या झाल्या. उन्हे डोक्यावर आली तेव्हा मावशी वाकून म्हणाली, "अगं बाई, रेघ वर राहिली!"

"कुणी घागर बुडवली?" गुरुजींनी विचारले.

"कोण बुडवील? सगळे इथंच तर बसलोय."

पाणी उतरत गेले. रेघेखाली ओल्या दगडाचा पट्टा रुंदावत गेला. शेवटी बागमालक स्वतः पायऱ्या उतरले, त्या ओल्या दगडावर हात ठेवून उभे राहिले. वर आले आणि फोनवर गड्याला एवढेच म्हणाले, "बंद कर."

लगेच कालवा उठला. "आमच्या घागरी तुमच्या डाळिंबात गेल्या म्हणायचं, शेठ!"

"थांबा," गुरुजी म्हणाले. "उद्या तुमच्यातल्या एकाचा पंप चालवू, परवा दुसऱ्याचा. आणि असंच इथं येऊन बसू."

कालवा निमाला. ओढ्याकाठी पंप नाही असे घर गावात क्वचितच होते.

शिष्य सामान आवरू लागला. गुरुजी म्हणाले, "निम्मी चाचणी अजून राहिली आहे." मग सगळे पुन्हा बसले. पाणी चढू लागले, पण इतके हळू, की पाहणाऱ्याचे डोळे शिणावेत. गुरे परतायची वेळ झाली तरी ते रेघेपासून हातभर खालीच होते.

"एवढंच?" मालकांनी विचारले. "उतरलं तर भराभर."

"या खडकाचं देणं असंच असतं. बाकीचं पावसाळ्यात."

मालकांनी वळून ओढ्यापलीकडच्या बागेकडे पाहिले. मग म्हणाले, "निम्मी बाग ताणावर सोडतो, तिचं पाणी तोडतो. पण मी एकटा नाही. प्रत्येकाच्या पंपाला पाळी लागली पाहिजे."

कुणी हो म्हटले नाही. पण नाहीही कुणी म्हटले नाही. मावशीने मात्र सर्वांदेखत विचारले, "मग पहिली पाळी कुणाची, ते आत्ताच ठरवा की!"

परतीच्या वाटेवर शिष्याचा आवाज दुखावलेला होता. "हेच तर मी वर्षभर सांगत होतो."

"हेच सांगत होतास," गुरुजी म्हणाले. "तुझा नकाशा नसता तर कुठला पंप लावायचा आणि कुठल्या विहिरीवर बसायचं, हे मला कुठून कळलं असतं? तुझं शास्त्र खरंच होतं. पण तू त्यांना उत्तर नेऊन दिलंस, आणि प्रश्न तर त्यांना पडलाच नव्हता. आपल्याला एखादी गोष्ट कळली, की ती सर्वांना कळली असं आपण धरून चालतो. मग माणसं हसली की आपण थकतो. मीही थकलोय रे, तुझ्याहून जास्त. पण जमिनीखालचं पाणी कुणाला दिसत नाही. ते पाहता येईल अशी एक जागा शोधून देणं, आणि तिथं त्यांच्यासोबत बसून राहणं, हाही संशोधनाचाच भाग आहे. तेवढा उरकल्याशिवाय अहवाल पूर्ण होत नाही."

 शिष्याचे खांदे दुखत होते, पाय जड झाले होते. फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत दोघे दगडावर टेकले. दूरवर दिवे दिसले तेव्हा तो उठला, गुरुजींची पिशवी त्याने आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला,

"उद्या मग पहिलीच गाडी धरावी लागेल."