ठकूआजीचं पांढरं धोतर

ऐका मंडळी, गोष्ट फार वर्षांपूर्वीची, आपल्याच सातपेठेची. तेव्हा डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या खापरी नळातून यायचं आणि एकेका पेठेचा हौद भरत खाली नदीकडे जायचं. तिसऱ्या पेठेत ठकूबाई राहायची. दारात गोठा, जिभेला धार.

एका साली खालच्या पेठांत पटकीची साथ शिरली. ठकूची एकुलती लेक गोजरा सातव्या पेठेत दिलेली. तिनंही अंथरूण धरलं. खालचे लोक वरच्यांना शिव्या देत, वरचे कचेरीकडे बोट दाखवत आणि कचेरी देवाकडे. ठकू तर रंगाचं पाणी नळात सोडतात म्हणून पहिल्या पेठेतल्या रंगाऱ्यांच्या नावानं बोटं मोडायची.

शेवटी तिनं गावभर सांगितलं, "हरेक हौदाचा तांबा भरून मारुतीच्या पायरीवर आणा. पाणी कोण नासवतंय, ते समद्यांना दिसू द्या."

सारं गाव जमलं. ठकूनं पायरीवर घरचं पांढरं धोतर ताणून एकेक तांबा ओतला. पहिला स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसराही. चौथ्याला पिवळा डाग पडला आणि शेणाचा वास सुटला. तिसऱ्या आणि चौथ्या हौदाच्या मधे नळावर एकच उकिरडा होता, ठकूचा.

ठकू रंगाऱ्यांपुढे गेली. हात जोडून म्हणाली, "माझी जीभ झडो! घाण माझ्याच दारातली हाय. माझ्या लेकीला म्याच इख पाजलं."

कुदळ घेऊन ती उकिरडा उपसू लागली. मदतीला पहिला आला तो आनंदा रंगारी. मग सातही पेठा लोटल्या. खाली नळ फुटलेला निघाला. कुंभारांनी नवी खापरं दिली, बायकांनी चुना मळला. असं म्हणतात, शेवटचा सांधा लिंपेपर्यंत सूर्य डोंगरावर अडून राहिला.

गोजराला सातव्या हौदाचं नवं पाणी पाजलं. असं म्हणतात, घोटासरशी तिनं डोळे उघडले. म्हणाली, "आये, पानी ग्वाड लागतंय गं."

आता नळ लोखंडी झाले, नगरपालिका आली. तरी दर चैत्रात त्या पायरीवर धोतर ताणतात, घरोघरचे तांबे येतात, पाणीखात्याचे साहेबही येतात. डाग दिसला तर कुणी कुणाला धारेवर धरत नाही. ज्याच्या दारातली घाण असेल, तो आपणच हात जोडून म्हणतो, "ठकूआजी, माझ्या दारातली आहे." मग सगळं गाव कुदळी घेऊन त्याच्या दारी जातं. तिचे उपकार फिटायचे नाहीत, म्हणून आपण निदान तेवढं करतो.