पगडीखालचा शिपाई

एकदा एका गावात एक वृद्ध पारखी राहत होते. पारखी म्हटले की आपल्याला हिरे-मोती आठवतात. यांच्याकडे मात्र यायचे ते बोटभर उंचीचे, धातूचे शिपाई. मोठ्या टेबलावर इतिहासातल्या लढाया पुन्हा मांडून खेळणारी हौशी मंडळी असतात. फासे टाकायचे, फौजा पुढे सरकवायच्या आणि तीनशे वर्षांपूर्वी हरलेला सेनापती या वेळी तरी जिंकतो का, ते पाहायचे. त्यांच्यासाठी कारागीर शिसे आणि कथील वितळवून भालाईत, घोडेस्वार, तोपची ओतत. पोशाख त्या काळचाच आहे का, शस्त्र त्याच फौजेचे आहे का, अंगलट प्रमाणात आहे का, हे सारे पारखून या वृद्धांनी होकार दिला की ती फौज टेबलावर उतरे. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबांची एक कडक रीत होती. नापास झालेली फौज त्याच दिवशी, ओतणाऱ्याच्याच हाताने, धातू वितळवायच्या मुशीत पुन्हा जायची. पारखीच्या दिवशी मूस सकाळपासून शेगडीवर तापत असे. "एक चुकीचा शिपाई टेबलावर गेला की त्याच्याकडे बघून दुसरे दहा चुकतात," असे ते म्हणत. कुणाचे वर्षभराचे कष्ट असोत, त्यांचे मन द्रवत नसे.

त्र्यंबक अकरा वर्षे आबांच्या हाताखाली होता. केस पिकू लागले होते, हात चांगला होता, त्याच्या भालाइतांना मागणीही होती. आणि दीड वर्षापूर्वी तिथे सोपान आला. पितळेचे देव ओतणाऱ्या घरातला, मितभाषी, कामात बुडालेला. इथेच माशी शिंकली. सोपानने ओतलेला पहिला घोडा आबांनी हातात घेतला, बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "हं."

एवढेच. पण अकरा वर्षांत त्र्यंबकच्या वाट्याला "बरं आहे", "चालेल", क्वचित "छान" असे सगळे आले होते; तसले "हं" कधी आले नव्हते. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. घास हातात धरून तो पुटपुटत बसे. बायको विचारी, "अहो, ताटावर बसून कुणाशी भांडताय?" तो काय सांगणार? एका हुंकाराशी भांडतोय, असे सांगायची सोय नव्हती.

पुढे आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एके सकाळी त्यांनी त्र्यंबकपुढे एक पेटी ठेवली. "आजची पारख तू कर. तू म्हणशील तेच होईल."

पेटीत साठ भालाईत होते. कुणाचे काम आहे हे कळू नये म्हणून प्रत्येकाच्या तळावरची खूण, रीतीप्रमाणे, शाडूने बुजवलेली होती. पण खूण लपली तरी हात लपत नाही. पहिला शिपाई उचलताच त्र्यंबकने ओळखले, हे सोपानचे काम. त्या फौजेला सोपानचे आठ महिने लागले होते, हेही त्याला ठाऊक होते. सोपान बाहेर बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

त्र्यंबकने भिंग घेतले आणि दोष शोधायला सुरुवात केली. अंगरखा बरोबर. कमरेचा शेला बरोबर. भाल्यावरची पकड तर अशी, की बघणाऱ्याने आपली मूठ आवळावी. जसजसे गुण सापडत गेले तसतसे त्याचे तोंड कडू होत गेले. अशी उफराटी पारख कुणी पाहिली नसेल. अखेर त्याने आपल्या नव्या फौजेतला एक भालाईत काढून त्यांच्या शेजारी उभा केला. सोपानचे शिपाई त्याच्या पगडीच्या मध्यापर्यंतच पोहोचले. त्र्यंबकच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने कागदावर लिहिले : "अंगलट खुजी. वितळवावे."

या विद्येतला एक साधा नियम असा, की शिपाई मोजायचा तो तळव्यापासून डोळ्यापर्यंत. एकाच्या डोक्यावर उंच पगडी असते, दुसऱ्याच्या डोक्यावर चापून बांधलेले मुंडासे. शेंड्यापर्यंत मोजले तर फसायला होते. हा नियम त्र्यंबकने स्वतः कितीजणांना शिकवला होता. त्या दिवशी मात्र खुंटीवरच्या पितळी मापाकडे त्याचा हात गेला नाही. आपण अन्याय करतो आहोत, असेही त्याला वाटले नाही. मत्सर झालेल्या माणसाला आपण फार चोख न्याय करतोय, असेच वाटत असते.

"खुजे आहेत, आबा," तो म्हणाला.

"कुणाशेजारी उभे केलेस?"

"माझ्या भालाइताशेजारी."

"आण बघू तुझा."

आबांनी तो शिपाई घेतला, अंगठ्याने त्याच्या तोंडावरून, कपाळावरून, पगडीवरून हळूच चाचपले. मग बाजूची पक्कड उचलली आणि कट्दिशी पगडी छाटून टाकली.

"आबा!" त्र्यंबक ओरडलाच. "महिना घातलाय मी त्या पगडीत! काय केलंत हे?"

"दोघांना शेजारी ठेव. आणि आता माप आण."

त्र्यंबकने पितळी पट्टी लावली. डोळ्याच्या उंचीवर तिला एक खाच होती. सोपानच्या शिपायाचा डोळा बरोबर खाचेत बसला. त्याच्या स्वतःच्या शिपायाचा डोळा खाचेच्या चांगला खाली राहिला. त्याने पुन्हा लावून पाहिली. पुन्हा तेच.

आबा शांतपणे म्हणाले, "तुझा पहिला साचा मेणाच्या नमुन्यावरून झाला होता. तो शिपाई लोकांना आवडला. मग तू नवा नमुना घडवलाच नाहीस. ओतलेल्या शिपायावरून साचा केलास, त्यातून निघालेल्यावरून पुढचा. धातू थंड होताना आकसतो, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दर खेपेला तुझा माणूस केसभर आकसत गेला आणि तू त्याच्यावर पगडी चढवत गेलास. आजवर डोळा खाचेच्या कडेला टेकत होता म्हणून मी होकार दिला; आता तोही सुटला. सोपान यायच्या आधीपासून हे चाललंय, बाबा. त्याने तुझं काही नेलेलं नाही. हेवा वाटतो? वाटू दे. मलाही तुझ्या वयात वाटायचा. पण पारखायला बसलास की दुसऱ्याला आपल्या पगडीशेजारी उभं करू नकोस. मापाशेजारी कर. आणि मग आपणही तिथेच उभं राहायचं."

त्र्यंबकची मान खाली गेली. लाज वाटली, रागही आला. काही वेळ तर रागच जास्त होता. मग त्याने कागदावरचे शब्द खोडले आणि दाराशी जाऊन सोपानला आत बोलावले.

"तुझी फौज पास आहे," तो म्हणाला. "आधी नापास केली होती. मीच."

सोपानचा चेहरा उतरला. त्याने एकदा मुशीकडे पाहिले.

"उंची तंतोतंत आहे. आबांचं माप तर पारखीशिवाय खुंटीवरून हलत नाही. तू कुठून धरलीस?"

"तुमच्याकडून, दादा," सोपान म्हणाला. "त्या फळीवर तुमचा पहिला भालाईत आहे ना? मी आलो तेव्हा आबा म्हणाले, उंची धरायची तर याच्यावरून धर, याच्यासारखा इथे कुणी ओतलेला नाही. आठ महिने तोच समोर ठेवला होता."

त्र्यंबकने फळीवरून तो जुना शिपाई उचलला. किती वर्षांत त्याचा स्वतःचा हात त्याला लागला नव्हता. डोक्यावर साधे मुंडासे होते आणि डोळा खाचेत बिनचूक बसत होता. दीड वर्ष ज्याच्या नावाने आपण जळत होतो, तो रोज आपल्याच हातच्या कामापुढे बसून शिकत होता, हे त्याच्या ध्यानात आले.

हेवा त्याच क्षणी पुरता विझला, असे मी म्हणणार नाही. तो इतका सोयीचा नसतो. पण त्र्यंबकने आपल्या नव्या फौजेची पेटी उघडली आणि कुणी न सांगता एकेक शिपाई मुशीत सोडायला लागला. सोपान थोडा वेळ उभा राहिला. मग त्याच्या शेजारी बसून नव्या नमुन्यासाठी मेण मळू लागला.