शेवटची बास्केट

“मग मी खोटं काय बोललो, भंते?”

ताराचंद सोमकुंवर विहाराच्या ओसरीत बसला होता, पण बसल्यासारखा नव्हता. वंदन झालं, पाणी पिऊन झालं, आणि पेला खाली ठेवायच्या आत त्याने हा प्रश्न टाकला.

भंते विनयबोधी चीवराला ठिगळ लावत होते. वय झालेलं, पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवायचे.

“कुठे बोललात?” त्यांनी विचारलं.

“सगळीकडे. भिंतीवर बसून बोललो, सामन्याच्या दिवशी बोललो. आणि जे बोललो ते झालं. मग माणसाने माझ्यावर रुसायचं काहून?”

“कोण रुसलं?”

“सुखदेव...”

भंतेंनी मान हलवली. सुखदेव वासनिकला सगळी वस्ती ओळखायची. शहर बस चालवायचा. त्याने जन्मात बास्केटबॉल हातात धरला नव्हता. पण वस्तीतल्या पोरींचा सामना असला की सुट्टी टाकून हजर.

ताराचंदची गोष्ट वेगळी. तो तरुणपणी गिरणीच्या संघाकडून खेळलेला. त्याची उडी पाहायला लोक सायकली काढून यायचे. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, पण खेळातलं कळतं ते ताराचंदला, हे नागपूरच्या त्या भागात कुणी अमान्य करत नव्हतं. ताराचंद तर नाहीच नाही.

विहाराच्या मागे सिमेंटचं मैदान होतं. तिथे वस्तीतल्या पोरी खेळायच्या. संघाचं नाव संघमित्रा. बूट कुणाचे दादाचे, कुणाचे उसने. शहराच्या स्पर्धेत त्यांना कुणी धरत नव्हतं. त्या वर्षी मात्र त्या एकेक संघ मागे टाकत थेट अंतिम सामन्यात जाऊन पोचल्या.

मग काय, संध्याकाळ झाली की मैदानाच्या बुटक्या भिंतीवर माणसं जमायची आणि वाद रंगायचा. या पोरींचं बळ कशात? आणि त्या अडतील कुठे?

“एकमेकीकडे न पाहता बॉल देतात बे या पोट्ट्या,” सुखदेव म्हणायचा. “एकीनं पाय उचलला का दुसरीले समजते. असा संघ दाखव मले नागपुरात.”

“देतात ना. मी कुठे नाही म्हणतो?” ताराचंद आवाज न चढवता बोलायचा, म्हणजे बाकीचे आपोआप गप्प होत. “लहानपणापासून एका नळावर पाणी भरलं, एका बाकावर बसल्या, म्हणून देतात. ते त्यांचं बळ. पण उंची कुठून आणशील? बदली खेळाडू कुठून आणशील? मध्यंतरापर्यंत पळतील. नंतर पाय भरून येतील. समोर उंच पोरी असल्या की जाळीखाली यांचं काही चालायचं नाही.”

“उत्पला आहे ना संघात.”

“उत्पला एकटी किती ओढंल?”

“तू खेळ पाहून राहिला, का पोट्ट्या वजनकाट्यावर ठेवून राहिला बे?”

सगळे हसायचे. ताराचंदही हसायचा. लहानपणापासूनचे मित्र ते. वादात चहा थंड व्हायचा, मैत्री नाही.

आणि अंतिम सामना झाला.

“म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच झालं,” भंते म्हणाले.

“तंतोतंत.”

“मग?”

“मग सुखदेव बोलत नाही, भंते.”

“भांडला?”

“भांडला असता तर बरं झालं असतं... रस्त्यात दिसला तर लांबूनच जय भीम करते अन् निघून जाते. भिंतीवर येत नाही. तसं भिंतीवर आता येऊन करायचं तरी काय? उत्पला नर्सिंगला मुंबईला गेली. शीलरत्नाचं लग्न झालं, ती भंडाऱ्याला. बाकीच्यांच्या घरच्यांनी म्हटलं, झालं तेवढं खेळणं पुष्कळ झालं. संपला संघ.”

“हो,” भंते म्हणाले. “संध्याकाळी फार शांत असतं आता.”

शांत असणं चांगलं नसावं, अशा स्वरात म्हणाले.

ताराचंद पुढे सरकला.

“तुम्ही त्याला बोलवा. तुमचं ऐकेल तो. सांगा, ताराचंद बोलला ते खेळाचं बोलला, वाईट वाटून घेण्यासारखं नव्हतं. पोरी माझ्याही होत्या. पण जे आहे ते आहे, हे त्यानं मान्य केलं पाहिजे ना?”

“बोलवीन,” भंते म्हणाले. “पण आधी मला सामना सांगा.”

“सामना?”

“इतकी वर्षं इथे बसून त्यांचा चेंडू ऐकला. ध्यानाला बसलो की ऐकू यायचा. आधी त्रास व्हायचा, मग सवय झाली, मग तो थांबला की ध्यान मोडायचं.” भंते किंचित हसले. “सामना मात्र एकही पाहिला नाही. तुम्ही खेळाडू आहात. तुम्ही सांगा.”

ताराचंदला हे आवडलं. त्याने पाठ ताठ केली.

त्याने मोठ्या क्लबचं ते मैदान सांगितलं. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, त्यावर वस्तीतली माणसं दाटीवाटीने बसलेली, बायका डबे घेऊन आलेल्या. समोरच्या संघातली एकेक पोरगी विजेच्या खांबासारखी. आणि आपल्या पोरी त्यांच्या काखेखालून पाखरांसारख्या निसटत होत्या. पहिल्या अर्ध्यात तर त्यांनी असा खेळ केला की क्लबची माणसं खुर्च्या ओढून पुढे आली. मध्यंतराला संघमित्रा पुढे होती!

“मी तेव्हाही सुखदेवला म्हटलं, थांब. आता बघ.”

“मग?”

“मग तेच. त्यांनी ताज्या दमाच्या पोरी आत आणल्या. आपल्याकडे आणायला होतं कोण? शीलरत्नाला उडीच घेता येईना. उत्पलाच्या पोटरीत गोळे आले. कडेला बसून तिनं पाय चोळला, पुन्हा उठली. जाळीखाली गेलेला प्रत्येक बॉल त्यांचा. पुढे असलेले आपण बरोबरीत आलो, मग मागे पडलो, मग पार मागे पडलो.”

“आणि शेवटी?”

“शेवटी शिट्टी.”

“शिट्टीच्या आधी?”

“आधी काही नाही, भंते. अंतर भरून निघण्यासारखं नव्हतं.”

भंतेंनी दोरा दाताने तोडला. नवा ओवायला घेतला.

“इथे येणाऱ्या बाया सांगत होत्या,” ते म्हणाले, “शिट्टीच्या जरा आधी उत्पलाने एक बास्केट मारली. सगळं मैदान उभं राहिलं. समोरच्या संघातल्या पोरींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पण प्रत्येकीचं सांगणं वेगळं. एक म्हणते, अर्ध्या मैदानातून मारली. दुसरी म्हणते, पडता पडता मारली. तिसरी तर सांगता सांगता रडायलाच लागली, तिचं काही कळलं नाही. म्हटलं, ताराचंद नीट सांगतील.”

ताराचंद गुडघा चोळू लागला.

“कशी मारली?”

“निकाल लागलेला होता, भंते. त्या बास्केटने काही फरक पडला नाही.”

“नसेल पडला. कशी मारली?”

...

“मी पाहिली नाही.”

हे वाक्य त्याने इतक्या हळू उच्चारलं की भंतेंनी सुईवरून नजर उचलली.

“उठून गेला होतात?”

“नाही. तिथेच होतो. पुढच्याच पायरीवर.”

“मग?”

“मी सुखदेवकडे बघत होतो.”

बाहेर सिमेंटच्या मैदानात कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांचा तिखट वास ओसरीपर्यंत येत होता. ताराचंदने डोळे पुसले. त्या वासाने पुसले असावेत.

“पोरी पार मागे पडल्या ना,” तो सांगू लागला, “तेव्हापासून मी त्याच्याकडेच बघत होतो. शेजारीच बसलेला. वाटत होतं, आता वळंल माझ्याकडे. आता म्हणंल, तुझं बरोबर होतं बे. तो काही वळेना. त्याचं लक्ष सगळं तिकडं. मी म्हटलं, वळू दे, मग बघतो मैदानाकडे... आणि एकदम गलका झाला.”

“हं.”

“मी वळेपर्यंत बॉल खाली पडून उड्या मारत होता. आणि उत्पला जमिनीवर बसली होती, हसत होती. बाकीच्या पोरी तिच्या अंगावर पडलेल्या.”

“आणि सुखदेव?”

“तो माझ्या गळ्यात पडला. गदगदा हलवलं मला. पाहिलं ना बे? पाहिलं ना? लहान पोरासारखा.”

“तुम्ही काय म्हणालात?”

ताराचंदने पेला उचलला. त्यात पाणी नव्हतं. पुन्हा ठेवला.

“म्हटलं, काय पाहायचं त्यात? हरल्या ना?”

...

“त्याचे हात सैल पडले, भंते. माझ्या खांद्यावरून असे खाली आले. जरा वेळ त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर बोलला नाही.”

भंतेंनी सुई कापडात खोचून ठेवली.

विहारात एक म्हातारी येऊन वंदन करून गेली. तिला दोघांनी पाहिलं, पण जणू पाहिलं नाही.

“बॉल कसा धरायचा ते मी शिकवलं उत्पलाला,” ताराचंद म्हणाला. आता त्याच्या आवाजात ती भिंतीवरची ऐट राहिली नव्हती. “एवढीशी होती. बॉल तिच्या डोक्यापेक्षा मोठा दिसायचा. तिच्या प्रत्येक सामन्याला गेलो. आणि ती शेवटची बास्केट... आता ती कधी खेळणार आहे? परिचारिकेचा पांढरा गणवेश घालून ती बॉल मारणार आहे का? त्या दिवशी आमच्यापैकी कुणाकडे कॅमेराही नव्हता. ज्यानं पाहिली त्याच्याकडेच आहे ती.”

“विचारा कुणालातरी.”

“कसं विचारू? वस्ती म्हणते, ताराचंदला खेळातलं कळतं. त्यानं जाऊन विचारायचं, की मी समोर बसलो होतो, मला सांगा काय झालं? निघताना उत्पला घरी पाया पडायला आली होती. म्हणाली, काका, ती शेवटची कशी वाटली? मी म्हटलं... छान.”

त्याने भंतेंकडे पाहिलं.

“तिला कळलं असंल का हो?”

भंतेंनी मांडीवरचं चीवर बाजूला ठेवलं.

मग त्यांनी वेगळंच विचारलं.

“सुखदेव कसा दिसत होता?”

“कधी?”

“बास्केट पडली तेव्हा. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात ना?”

“तो? तो काय... येड्यासारखा. तोंड उघडं टाकून.”

“असं नको. उभे राहा. करून दाखवा.”

“मी?”

“मला कळायला हवं.”

“या वयात काय नकला करू, भंते? गुडघा दुखते.”

“दाखवा.”

ताराचंद खांबाला धरून उठला. ओशाळल्यासारखा हसला. मग आठवू लागला.

“आधी तो असा बसला होता, पुढे वाकून. मान डावीकडे.” त्याने मान डावीकडे केली. “मग अर्धवट उठला. असा... हात गुडघ्यांवर. मग एकदम श्वास आत घेतला त्यानं. मला ऐकू आला.”

त्याने श्वास घेतला.

“मग त्याचे डोळे...”

“दाखवा.”

ताराचंदचे डोळे डावीकडून निघाले. हळूहळू वर गेले. ओसरीच्या कौलांपर्यंत गेले आणि तिथे राहिले. बराच वेळ राहिले. त्याचे हात कधी वर उचलले गेले ते त्याला कळलं नाही; बोटं पसरलेली, टाचा जमिनीवरून सुटलेल्या, दुखरा गुडघा ताठ झालेला. तोंड उघडलं. मग डोळे उजवीकडे झुकत झुकत खाली आले, एका जागी येऊन टेकले...

आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. त्याचं नव्हतं ते. सुखदेवचं होतं.

तो तसाच उभा राहिला. नक्कल संपली होती, पण हात खाली येईनात.

“उंच गेला असंल,” तो म्हणाला. “फार उंच गेला असंल बॉल, भंते... आणि लांबून. किती वेळ वर होता...”

आता त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तोंडावरचं हसू गेलं नव्हतं.

“मी काहीच पाहिलं नाही.”

भंते त्याच्या वर उचललेल्या हातांकडे बघत होते.

“एवढं तरी पाहिलंत,” ते म्हणाले.